राजरत्न प्रो. माणिकराव : उस्तादाच्या विद्येचे लोकशिक्षक

नागपुरातील कोणत्याही शाळेच्या पटांगणावर शारीरिक शिक्षणाचा तास भरला, की एका आज्ञेसरशी पन्नास-साठ मुले सरळ उभी राहतात, दुसऱ्या आज्ञेला सैल होतात, तिसऱ्या आज्ञेला सर्वांचे हात एकाच वेळी वर जातात. स्वातंत्र्यदिनाच्या समारंभात लेझमीचे पथक त्याच शिस्तीने फेर धरते. गणेशोत्सवाच्या मिरवणुकीत लाठी फिरविणारी मुले रस्त्याच्या मधोमध आपले कसब दाखवितात आणि दोन्ही बाजूंचे लोक कौतुकाने पाहतात. हे सारे इतके अंगवळणी पडले आहे की ते कधीतरी कोणीतरी घडवून आणले असेल, हा विचारही सहसा मनात येत नाही. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी चित्र अगदी निराळे होते. शाळेतील कवाईत इंग्रजी होती, तिच्या आज्ञा इंग्रजी होत्या. आणि लाठी, पट्टा, फरीगदगा या विद्या शहरातील मोजक्या उस्तादांच्या ताब्यात होत्या. त्या विद्या उस्तादाच्या आखाड्यातून सार्वजनिक मैदानावर आणण्याच्या कामाला ज्यांनी आपले सारे आयुष्य वाहिले, त्यांत बडोद्याच्या प्रो. माणिकरावांचे नाव अग्रभागी घ्यावे लागते.

माणिकराव हे नाव लोकांच्या तोंडी रूढ झालेले. मूळ नाव गजानन, वडिलांचे नाव यशवंत. 'प्रोफेसर' ही उपाधी महाविद्यालयातील नव्हे. त्या काळी सर्कशीचे संचालक, शक्तीचे प्रयोग करणारे मल्ल, जादूगार अशा सर्वांनाच लोक आदराने प्रोफेसर म्हणत, प्रो. छत्रे, प्रो. राममूर्ती ही नावे जुन्या पिढीच्या कानांवरून गेलेली आहेतच. माणिकरावांच्या बाबतीत मात्र ही उपाधी अर्थाने खरी ठरली. त्यांनी प्रयोग दाखवून टाळ्या मिळविण्यापेक्षा अध्यापनच अधिक केले.

त्यांचा जन्म १८७८ च्या सुमारासचा. त्याच १८७८ साली हिंदुस्थान सरकारने शस्त्रांचा कायदा केला आणि ब्रिटिश मुलखात परवान्याशिवाय शस्त्र बाळगणे हा गुन्हा ठरला. युरोपियनांना या कायद्यातून सूट होती. १८५७ च्या उठावानंतर लोकांच्या हातांतून शस्त्रे काढून घेण्याचे जे धोरण सुरू झाले, त्याची ही परिणती होती. ज्या घरांत पिढ्यान्पिढ्या तलवार पूजेला लागत असे, तेथे दसऱ्याच्या दिवशी परवान्याचा कागद शोधण्याची वेळ आली. फौजा मोडलेल्या, सरदारांचा आश्रय आटलेला, शस्त्र ठेवण्यास बंदी. अशा स्थितीत पट्टा फिरविणारा किंवा बोथाटी खेळणारा जाणकार आपली विद्या शिकवणार कोणाला आणि कशासाठी? काठी तेवढी कायद्याच्या कचाट्यातून सुटली होती. वाटसरूची काठी, गुराख्याची काठी, म्हाताऱ्याच्या आधाराची काठी. तिला परवाना कोण मागणार? पुढे पन्नास वर्षे या देशातील आत्मरक्षणाचे शिक्षण प्रामुख्याने लाठीभोवती फिरत राहिले, त्याचे एक कारण या साध्या गोष्टीत आहे.

बडोद्याची गोष्ट थोडी वेगळी होती. हे मराठी राजघराण्याचे संस्थान. तेथे कुस्तीला आणि मर्दानी खेळांना दरबारचा आश्रय जुना होता. खंडेराव महाराजांच्या कारकीर्दीत देशोदेशीचे पहिलवान बडोद्यास येत आणि हत्तींच्या साठमाऱ्या पाहण्यास सारे शहर लोटत असे. १८७५ साली नाशिक जिल्ह्यातील कवळाणे या खेड्यातून दत्तक आलेले सयाजीराव महाराज गादीवर बसले. त्यांच्या शिक्षणक्रमात वाचन-लेखनाबरोबर तालमीचाही समावेश होता. याच महाराजांनी १९०६ साली संपूर्ण संस्थानात सक्तीचे प्राथमिक शिक्षण लागू केले. विद्या मूठभरांपाशी न राहता सर्वांपर्यंत गेली पाहिजे, हा विचार त्या काळच्या बडोद्याच्या हवेतच होता. माणिकरावांनी तोच विचार शरीराच्या विद्येला लावला, असे म्हटल्यास चुकीचे होणार नाही.

बडोद्यात जुम्मादादा नावाचे उस्ताद होते. धर्माने मुसलमान, वृत्तीने फकीर, आणि शस्त्रविद्येत व कुस्तीत ज्यांचा शब्द अखेरचा मानला जाई, असे हे वयोवृद्ध गुरू. त्यांच्या आखाड्यात हिंदू घरांतील मुलेही येत. माणिकराव त्यांचे शिष्य झाले आणि शिष्य राहिले. त्यांनी विवाह केला नाही. आजन्म ब्रह्मचर्य पाळून आखाडा हेच घर मानले. जुम्मादादांच्या पश्चात तो आखाडा त्यांनी चालविला, वाढविला, आणि ज्या संस्थेच्या रूपाने तो पुढे साऱ्या देशात विख्यात झाला, तिला गुरूंचेच नाव राहू दिले : जुम्मादादा व्यायाम मंदिर. 'जुम्मादादा' आणि 'मंदिर' हे दोन शब्द शेजारी-शेजारी बसलेले पाहून आज कोणास नवल वाटेल. त्या आखाड्यातील शिष्यांना ते वाटत नसे.

उस्तादापाशी शिकणे म्हणजे काय, हे नव्या पिढीला सांगावे लागेल. शिकवणीची फी ठरलेली नसे आणि अभ्यासक्रम तर मुळीच नसे. मुलगा प्रथम आखाड्यात येऊन झाडलोट करी, हौद्यातील तांबडी माती खणी, तीत तेल, ताक, हळद मिसळी, थोरांचे अंग रगडी. दंड आणि बैठका यांची संख्या महिनोन्महिने वाढत जाई. उस्तादाची नजर त्याच्यावर असे; पण शब्द क्वचित निघे. मन लागलेले आहे, स्वभावात उतावळेपणा नाही, शिकलेल्या विद्येचा बाजारात दंगा करण्यासाठी उपयोग होणार नाही, अशी खात्री पटली म्हणजे एखाद्या संध्याकाळी उस्ताद हाती काठी देत. त्यानंतरही सर्व काही एकदम मिळत नसे. प्रत्येक डावाला तोड असते, आणि ती तोड सांगायची की नाही हे गुरूच्या मर्जीवर. पुष्कळ उस्ताद शेवटचा डाव कोणालाच सांगत नसत. शिष्य उलटला तर आपल्या हाती काही राहावे, हा त्यामागील हिशेब. या रीतीने विद्या शुद्ध राही हे खरे. परंतु उस्ताद अकस्मात वारला की त्याच्याबरोबर तिचा एक तुकडा कायमचा जाई हेही तितकेच खरे. पिढी दर पिढी असे तुकडे गळत गेल्यावर शिल्लक काय उरणार?

माणिकरावांच्या कार्याचे मोल याच प्रश्नाच्या संदर्भात ध्यानी येते. ते स्वतः जुन्या रीतीने शिकले. एका गुरूच्या सहवासात, त्याच्या विश्वासाला पात्र ठरून, ती विद्या त्यांना मिळाली. ज्या वाटेने आपणास विद्या लाभली ती वाट इतरांसाठी पुरेशी रुंद नाही, हे ओळखून ती बदलणे सोपे नसते. त्यांनी ती बदलली.

या विद्यांचा विस्तार केवढा होता, याची कल्पना आज येणे कठीण. लाठीचेच पाहावे. ती साधारण माणसाच्या उंचीची, जवळजवळ पेरांच्या भरीव बांबूची, तेल पाजून तयार केलेली. तिचे फिरविणे हा वरवर खेळ दिसतो; पण मनगट, खांदा आणि पावले यांचा मेळ बसल्याशिवाय एकही हात पुरा होत नाही. चारही दिशांना असलेल्या प्रतिपक्ष्यांना दूर ठेवण्याचे निराळे हात, अरुंद बोळातले निराळे. बनेटी म्हणजे दोन्ही टोकांना गोळे असलेली काठी; रात्रीच्या वेळी ते गोळे पेटवून ती फिरवीत. फरीगदग्यात एका हाती लहानशी चामड्याची ढाल, म्हणजे फरी, आणि दुसऱ्या हाती चामड्याने मढविलेला सोटा. ढाल-तलवारीचा सराव जिवाला धोका न होता करता यावा म्हणून ही योजना. दांडपट्ट्यात पोलादी खोबळ्यात कोपरापर्यंत हात जातो आणि लवचिक लांब पाते हाताचाच विस्तार बनते. नवशिक्याने स्वतःलाच जखम करून घ्यावी असे ते शस्त्र. बोथाटी हा लाकडी भाला. त्याच्या टोकाला कापडाचा गोळा बांधून तो रंगात बुडवीत, म्हणजे कोणाचा वार कोठे लागला हे अंगावरच्या ठिपक्यावरून निर्विवाद ठरे. जंबियाचा सराव लाकडी बोथट पात्याने होई. मलखांबाच्या कसरतीने यांतील प्रत्येक विद्येला लागणारा चपळपणा अंगी येई. लेझीम देखील मुळात नाचण्याचे साधन नव्हे. धनुष्य ओढण्याचे बळ यावे म्हणून दोरीऐवजी साखळी लावलेले ते जड धनुष्य होते. साखळीला चकत्या लागल्या, नाद आला, आणि व्यायामाला ताल मिळाला.

या सर्वांत बिनोट नावाची विद्या विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. 'बिन ओट', म्हणजे आडोशाविना, अशी त्या शब्दाची फोड सांगतात. हाती शस्त्र नसलेल्या, किंवा रुमालासारखी एखादी वस्तू तेवढी असलेल्या माणसाने सशस्त्र माणसापासून आपला बचाव कसा करावा, याचे हे शास्त्र. सुरा धरलेले मनगट नेमके कोठे पकडले असता मूठ उघडते, अंगावर येणाऱ्याचा जोर त्याच्याच विरुद्ध कसा वळवावा, हे त्यात शिकविले जाई. प्रतिपक्ष्याला ठार करणे हे त्याचे साध्य नाही. त्याच्या हातातील शस्त्र गळून पडले की काम झाले. श्रावकाच्या आचारधर्मात गृहस्थाला संकल्पी हिंसेचा त्याग सांगून, स्वतःच्या व आश्रितांच्या रक्षणार्थ नाइलाजाने घडणारी विरोधी हिंसा आचार्यांनी निराळी मानली, हे वाचकांना ठाऊक आहे. तो विवेक ग्रंथात वाचणे एक आणि अंगावर धावून आलेल्या माणसासमोर आचरणात आणणे दुसरे. भ्यालेला माणूस तो पाळू शकत नाही. ज्याच्या हातांना प्रतिकाराचा सराव आहे, तोच किती बळ वापरावे याचे भान ठेवू शकतो.

आता माणिकरावांनी काय केले ते पाहू. एकेका शिष्याला एकेक हात शिकविण्याऐवजी त्यांनी लाठी, जंबिया, लेझीम इत्यादींचे हात सुटे केले, त्यांना क्रम लावला आणि शे-दोनशे जणांनी एका वेळी, एका तालावर करावेत अशी त्यांची रचना बसविली. यालाच पुढे सांघिक व्यायाम म्हणू लागले. युरोपात ही कल्पना नवी नव्हती. स्वीडनमध्ये लिंग यांनी एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी सामुदायिक व्यायामाची पद्धत घालून दिली होती, आणि तिचेच फिरत फिरत आलेले रूप आपल्याकडील शाळांतून इंग्रजी आज्ञांवर चालत असे. १९०४-०५ च्या सुमारास सँडोने हिंदुस्थानचा दौरा केल्यावर तर सुशिक्षित तरुणांत डंबेल्सचे वेड पसरले. परदेशी ते शास्त्रीय आणि देशी ते गावंढळ, हा समज पक्का होत चालला होता. माणिकरावांनी सांघिक शिस्त उचलली. पण तिच्यात भरलेला आशय आपल्या मातीतील ठेवला, आणि आज्ञाही भारतीय भाषेत दिल्या. हा शेवटचा बदल वाटतो त्याहून मोठा होता. परक्या भाषेतील आज्ञा मुलगा पाळतो, पण ती त्याच्या तोंडी बसत नाही. घरी येऊन धाकट्या भावंडांना रांगेत उभे करून तो तीच आज्ञा आपल्या भाषेत देऊ लागला, की एका वर्गाचे दहा वर्ग होतात.

जुन्या वळणाच्या जाणकारांना हे रुचणे शक्य नव्हते. सांघिक लाठीत आकृती शिकविली जाते, अंतर आणि वेळ साधण्याचे मर्म शिकविले जात नाही. समोर खरा प्रतिस्पर्धी नसताना हवेत फिरवलेली काठी ही कवाईत होय, विद्या नव्हे, असा हा आक्षेप. तो निराधार म्हणता येणार नाही. आज मिरवणुकीत दिसणारे लाठीचे हात पाहिले तर शोभेकडे कल अधिक आणि उपयोगाकडे कमी, हे कोणीही मान्य करील. परंतु दुसरी बाजू अशी की, आखाड्यात सूक्ष्म विद्येचे अध्ययन चालूच होते. मैदानावरील सांघिक वर्ग हा तिच्याकडे येण्याचा दरवाजा होता. शंभरांतील पाच मुले त्या दरवाज्यातून आत आली तरी पूर्वीपेक्षा ती अधिकच होती. उरलेल्या पंचाण्णवांना ताठ चालणे, एकत्र वागणे आणि हाक ऐकताच न गोंधळणे एवढे तरी मिळे.

याच सुमारास दूर जपानमध्ये असेच काहीसे घडत होते, हे पाहणे मनोरंजक ठरेल. तेथेही जुजुत्सूच्या अनेक शाखा गुरूंच्या घरात बंदिस्त होऊन निस्तेज झाल्या होत्या. जिगोरो कानो या विद्वान शिक्षकाने त्या अभ्यासून, धोक्याचे डाव वगळून, क्रमवार रचना करून १८८२ साली टोकियोत ज्यूदोची शाळा काढली. प्रारंभी विद्यार्थी जेमतेम नऊ. पुढे ज्यूदो जपानच्या शाळांत गेला आणि १९६४ साली ऑलिंपिकमध्येही. गंमत अशी की, तरुण कानो गुरूच्या शोधात निघाला तेव्हा त्याने हाडवैद्यांची दारे ठोठावली. हाड बसविणाऱ्या वैद्यांपाशी जुनी मल्लविद्या हमखास सापडते, हे तेथील लोकांना माहीत होते.

बडोद्यातही तसेच होते. माणिकराव अस्थिसंधानात निष्णात होते. आखाडा आणि हाडवैद्यकी यांचे नाते स्वाभाविक आहे : जेथे रोज खांदे उखडतात आणि मनगटे लचकतात, तेथे ती जागेवर आणणाराही असावाच लागतो. जो सांधा कोणत्या कोनात निखळतो हे जाणतो, तोच तो कोणत्या कोनातून परत बसेल हेही जाणतो. ही विद्याही गुरुपरंपरेतूनच त्यांच्याकडे आली. मालिशीचे तंत्र, पट्टी बांधण्याची रीत, किती दिवस सांधा हलवू नये याचा अंदाज, हे सारे त्यांच्या बोटांत होते. ज्यांनी आयुष्यात कधी काठी हाती धरली नाही असे लोकही त्यामुळे त्यांच्याकडे येऊ लागले. शस्त्रविद्येच्या आचार्याची कीर्ती अशी दुखऱ्या माणसांच्या तोंडून पसरली. बडोदे दरबारने त्यांना 'राजरत्न' हा बहुमान दिला, तो त्यांच्या नावाशी कायमचा जोडला गेला.

शिष्यवर्गात एक नाव असे आहे की तेवढ्यावरही माणिकरावांचे स्मरण राहावे. डभोईत १८८३ साली जन्मलेले जगन्नाथ गणेश गुणे हे बडोद्यात महाविद्यालयीन शिक्षण घेत असता १९०७ ते १९१० या काळात जुम्मादादांच्या आखाड्यात माणिकरावांपाशी शिकले. बुद्धिमान, संस्कृतात गती असलेला आणि देशकार्याच्या ध्येयाने पेटलेला हा तरुण तेथून शरीराच्या शिक्षणाचे महत्त्व मनावर कोरून बाहेर पडला. पुढे मालसरच्या माधवदासजी महाराजांपाशी त्यांनी योगाचे अध्ययन केले, १९२४ साली लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापन केले आणि स्वामी कुवलयानंद या नावाने ते जगाला परिचित झाले. योगासनांचा शरीरावर नेमका काय परिणाम होतो, हे प्रयोगशाळेत क्ष-किरणांच्या साहाय्याने तपासणारे ते पहिल्या संशोधकांपैकी एक. हठयोगाच्या ज्या क्रिया साधक एकांतात गुरुमुखातून शिकत, त्या त्यांनी शाळकरी मुलांना सामुदायिक रीतीने करता येतील अशा क्रमात मांडल्या. गुरूने लाठीच्या बाबतीत जे केले तेच शिष्याने आसनांच्या बाबतीत केले. आज देशात एकाच वेळी हजारो माणसे मैदानावर बसून आसने करतात, त्या दृश्याच्या मुळाशी बडोद्याच्या आखाड्यातील तो सांघिक वर्ग आहे, हे सहसा कोणाच्या लक्षात येत नाही.

काळ मात्र शांत नव्हता. १८९३ ते १९०६ अशी तेरा वर्षे अरविंद घोष बडोद्यात होते. बंगालमध्ये १९०२ साली निघालेल्या अनुशीलन समितीने लाठीच्या आखाड्यांच्या आडून क्रांतिकार्य सुरू केले आणि १९०९ साली सरकारने तिच्यावर बंदी घातली. तेव्हापासून लाठी शिकविणारा प्रत्येक आखाडा पोलिसांच्या लेखी संशयित झाला. माणिकरावांच्या आखाड्यातही देशभक्त तरुणांची ये-जा होती आणि राष्ट्रीय वृत्तीच्या तरुणांना तो आपला वाटत असे. शरीर कमावणे हे त्या पिढीला देशकार्यच वाटे.

या कथेला एक कडू बाजूही आहे, ती टाळून चालणार नाही. १९२० नंतरच्या दशकात देशातील अनेक शहरांत हिंदू-मुसलमानांच्या दंगली उसळल्या. नागपूरही त्यातून सुटले नाही. १९२३ साली मिरवणुकीतील वाद्यांवरून उठलेला तंटा आणि १९२७ च्या सप्टेंबरातील रक्तपात हा या शहराचा इतिहास आहे. लाठीचे वर्ग या वातावरणापासून अलिप्त राहणे शक्य नव्हते. ठिकठिकाणी ते एकेका समाजाचे वर्ग बनले, आणि जी काठी परक्या राज्यकर्त्यासमोर निर्भय उभे राहण्यासाठी हाती घेतली होती ती शेजाऱ्याच्या डोक्याकडे वळू लागली. या सुमारास पुष्कळांनी पुष्कळ नावे बदलली, पुष्कळ जुने ऋण नाकारले. बडोद्यात मात्र हिंदू शिष्यांनी भरलेल्या त्या संस्थेच्या दारावर एका मुसलमान उस्तादाचे नाव होते तसेच होते. माणिकरावांनी ते बदलले नाही. गुरूचे नाव ही त्यांच्या दृष्टीने वादाची बाबच नव्हती.

विद्या लुप्त होऊ नये याचा दुसरा उपाय म्हणजे ती लिहून ठेवणे. ते कार्य बडोद्यातच दत्तात्रय चिंतामण करंदीकर ऊर्फ आबासाहेब मुजुमदार यांनी केले. १९३६ ते १९४९ या काळात त्यांनी मराठीत दहा खंडांचा 'व्यायाम ज्ञानकोश' सिद्ध केला. कुस्तीचे पेच, मलखांबाच्या उड्या, लाठी, बनेटी, बिनोट, जंबिया, जलक्रीडा यांची आकृत्यांसह तपशीलवार माहिती त्यात आहे. १९५० मध्ये त्यावर आधारित एक खंड इंग्रजीतही निघाला. जे उस्ताद मरतानाही सांगत नसत ते आता ग्रंथालयाच्या कपाटात कोणालाही पाहता येऊ लागले. कोश पाहून लाठी येत नाही, हे खरेच. परंतु ती कशी होती हे तरी कळते, आणि हरवलेले डाव पुन्हा जुळविणाऱ्यांना या खंडांखेरीज दुसरा आधार नाही.

माणिकराव बडोद्यात जे करीत होते त्याच दिशेने विदर्भातही पावले पडत होती. अमरावतीस १९१४ साली अंबादासपंत वैद्य आणि अनंतराव वैद्य या बंधूंनी एका लहानशा आखाड्यातून आरंभ केला आणि त्यातून श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ उभे राहिले. उन्हाळ्याच्या सुटीत तेथे व्यायामशिक्षकांचे वर्ग भरत. प्रांतोप्रांतीचे तरुण त्यासाठी येत. हुतात्मा शिवराम राजगुरू यांनी तेथे काही काळ व्यायामाचे शिक्षण घेतले होते. १९३६ साली बर्लिनच्या ऑलिंपिकच्या वेळी मंडळाच्या पथकाने तेथे मलखांब, लेझीम, कबड्डी आदी भारतीय खेळांची प्रात्यक्षिके केली. नागपुरातील शाळांना व्यायामशिक्षक पुरविण्यात अमरावतीचा वाटा मोठा. आपल्या वडील पिढीतील ज्या ज्येष्ठांनी लहानपणी दंड-बैठका, लाठी आणि लेझीम शाळेत किंवा मोहल्ल्याच्या व्यायामशाळेत शिकली, त्यांचे शिक्षक बहुधा अशाच एखाद्या उन्हाळी वर्गातून तयार झालेले असत.

सरकारी पातळीवर हे विचार पोहोचण्यास वेळ लागला. १९२० साली मद्रासेत वाय.एम.सी.ए.चे शारीरिक शिक्षणाचे महाविद्यालय निघाले, ते पाश्चात्त्य पद्धतीचे. मुंबई प्रांतात १९३७ मध्ये लोकनियुक्त मंत्रिमंडळ आल्यावर १९३८ साली कांदिवलीस शारीरिक शिक्षकांचे प्रशिक्षण केंद्र सुरू झाले आणि देशी व्यायामाला अभ्यासक्रमात मानाचे स्थान मिळू लागले. या घडामोडींत स्वामी कुवलयानंदांचा सल्ला घेतला जात होता. माणिकराव स्वतः आखाड्यातच राहिले. पहाटे उठावे, शिष्यांचा सराव पाहावा, दुपारी हात-पाय मोडलेल्यांना बसवून त्यांची हाडे चाचपावीत, संध्याकाळी पुन्हा मैदानावर यावे, हा अशा आखाड्याचा नित्यक्रम. जुन्या शस्त्रांचा त्यांनी मोठा संग्रह केला होता. आखाड्यात येणाऱ्या मुलाला पुस्तकात वाचलेला पट्टा कसा असतो, ढालीच्या आतील गादी कशी असते, कट्यारीची मूठ आडवी का असते, हे प्रत्यक्ष हाताळून पाहता येई.

सयाजीराव महाराज १९३९ साली निवर्तले. १९४९ मध्ये बडोदे संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले आणि दरबारी आश्रयाचे दिवस संपले. देश स्वतंत्र झालेला होता. लाठीवर्गावर आता पोलिसांची नजर नव्हती, आणि पूर्वीइतकी मुलांची गर्दीही नव्हती. क्रिकेटच्या फळ्या गल्लीबोळांतून दिसू लागल्या होत्या. पुढील दोन-तीन दशकांत कराटे आणि ज्यूदोचे वर्ग मोठ्या शहरांत निघाले, आणि बिनोट हा शब्द ज्यांनी कधी ऐकला नाही अशी मुले परदेशी नावांचे तेच बचाव हौसेने शिकू लागली.

१९५४ साली माणिकरावांचे बडोद्यास निधन झाले. मागे ना पत्नी, ना मुले. शस्त्रांचा संग्रह होता, देशभर विखुरलेले शिष्य होते, आणि आखाडा होता. त्याच्या नावात माणिकराव हे अक्षर कोठेही नव्हते.